डिस्नी वर्ल्डमध्ये घरचं खाणं चालतं

ऑरलँडोला जाणाऱ्या मराठी कुटुंबांमध्ये एक मेसेज फिरतोय: डिस्नी वर्ल्डमध्ये बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, पण तिथल्या हॉटेलात राहिलं की विमानतळावरून बस फुकट मिळते. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

घरचं खाणं आत खुशाल नेता येतं. काचेच्या बाटल्या, दारू आणि सुटा बर्फ मात्र चालत नाही. थेपले, चिवडा, लाडू पिशवीत असले तर चार जणांच्या घराचे दिवसाचे बरेच डॉलर वाचतात, आणि शाकाहारी आजी-आजोबांची उपासमारही होत नाही. झटपट खाण्याच्या काउंटरवर मागितलं की थंड पाणी फुकट मिळतं. बाटली विकत घेऊ नका. भारतातून खाऊ नेत असाल तर अमेरिकेत उतरल्यावर तो कस्टम्सला जाहीर करा. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ नेऊच नका.

विमानतळाची फुकट बस जानेवारी २०२२ मध्येच बंद झाली. तो खर्च आधीच धरा. डिस्नीच्या हॉटेलातून पार्कला जाणारी बस मात्र अजूनही मोफत आहे.

तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. दहा पूर्ण झाली की मोठ्यांचं तिकीट.