आमची मंडळी होआ लूला

सहलीच्या छापील कार्यक्रमात ‘प्राचीन राजधानीचे भग्नावशेष’ असं लिहिलं होतं. भग्नावशेष म्हटलं की मराठी माणसाला निदान एक बुरूज, एक चोरदरवाजा आणि ढासळलेलं दारूकोठार लागतं. व्हिएतनाममधल्या हनोईपासून शंभरेक किलोमीटरवरच्या होआ लूमध्ये यातलं काहीच नाही. चहूकडे चुनखडीचे उभे सुळके आणि मधे भातखाचरं. डिन्ह बो लिन्ह राजाने सुळक्यांमधल्या फटी मातीचे बांध घालून बुजवल्या, की झाला किल्ला!

राजधानी टिकली ९६८ ते १०१०, म्हणजे अवघी ४२ वर्षं. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा वाद बहुधा तेवढा टिकेल. मग ली थाई तो राजाने बाडबिस्तरा आजच्या हनोईला हलवला. जुने वाडे मातीखाली गेले आणि वर उरली दोन देवळं, तीही सतराव्या शतकात पुन्हा बांधलेली.

“अहो, मग बघायचं काय?” हिने विचारलं. दमट उकाड्यात छत्रीखाली उभ्या बाईला तटबंदीचं राजकारण समजावणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं.

डिन्ह राजाच्या देवळाचा उंबरठा चांगला गुडघ्याजवळ येणारा. त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं. आमच्या सरासरी वयाला हा व्यायाम झेपेना. शेवटी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून माळच आत गेली. देव्हाऱ्यात देव नव्हे, खुद्द राजा. पुढ्यात उदबत्त्या, केळी, बिस्किटांचे पुडे आणि चक्क बिअरचे डबे. एक काकू हात पुढे करून प्रसादाची वाट बघत राहिल्या. त्यांचे यजमान बिअरच्या डब्यांकडे बघत होते, पण ती नजर भक्तीचीच होती असं मी मानतो.

अंगणात ड्रॅगन कोरलेला दगडी राजमंच आहे. दमलेल्या मंडळींना तो कट्टा वाटला आणि गाईड पोरगी जी धावली, ती तिथून हलेचना.

तिने गोष्ट सुरू केली आणि आमची मंडळी प्रथमच गप्प झाली. ९७९ मध्ये दरबारातल्याच एकाने राजाला आणि थोरल्या राजपुत्राला मारलं. मारेकरी छपराच्या पन्हळीत लपून बसला. तहान अनावर झाली, पाऊस आला, पाण्यासाठी त्याने हात बाहेर काढला आणि एका दासीने पाहिलं! पुढे सहा वर्षांचा पोर गादीवर आणि उत्तरेकडून चीनच्या सोंग घराण्याच्या फौजा. राणी झुओंग वान न्गाने राजवस्त्र सेनापती ले होआनच्या अंगावर घातलं. त्याने ९८१ मध्ये सोंगांना पळवलं आणि राणीशी लग्नही केलं.

“आधी ठरलेलं असणार,” एक काकू म्हणाल्या. “तुम्ही तिथे होतात का?” दुसऱ्या. हा वाद शेजारच्या ले राजाच्या देवळापर्यंत चालला. तिथे दुसऱ्या नवऱ्यासोबत राणीची मूर्ती बघून पहिल्या काकूंनी “बघा!” असा पुरावा सादर केला.

त्याच गाभाऱ्यात ले लाँग डिन्हही बसला आहे. हा ले घराण्यातला शेवटचा कर्ता राजा. इतिहासात बदनाम; भिक्षूंच्या डोक्यावर ऊस सोलायला लावायचा म्हणे. दरबार मात्र आडवा पडून भरवायचा, कारण, गाईड जरा लाजत म्हणाली, त्याला मूळव्याध होती असं सांगतात.

क्षणात ऊस, भिक्षू, क्रौर्य सगळं माफ झालं. बसच्या बाकांवर दिवसेंदिवस बसलेल्या मंडळींना हा राजा आपला वाटला. “सुरण द्यायला हवा होता.” “ताक, सैंधव घालून.” “मिरची बंद केली असेल का त्याने?” १००९ मध्ये वारलेल्या रुग्णावर भर गाभाऱ्यात आयुर्वेदाची परिषद भरली. मागच्या गटाचा गाईड खोळंबला. काकूंनी पर्समधून त्रिफळाची डबी काढून आमच्या गाईडला दाखवली.

पोरगीने डबी उघडून वास घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “हे जेवणाआधी घ्यायचं की नंतर?”