किल्ली आपल्याकडेच असू द्या

बेळगावात, म्हणजे वडगावात नाहीतर अनगोळात, जुन्या घरावर माडी चढवलीत, गेटला पाटी टांगलीत, भाडोत्री मिळाला. अभिनंदन! आता एकच पथ्य पाळा: वर जाताना त्याला आधी कळवायचं नाही.

कळवलं की माणूस घर आवरतो. आवरलेल्या घरात बघण्यासारखं काय राहतं? भिंतीला खिळे किती मारले, ओट्यावर काय सांडलंय, दोघं म्हणून आलेले चौघं कधी झाले, हे अवचित गेल्याशिवाय कळत नाही.

कारण तेवढं हाताशी ठेवा. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गल्लीत पाण्यासारखं कारण नाही. घर बांधतानाच मोटरचं बटण वरच्या स्वयंपाकघरात काढून घ्या, पुढची वीस वर्षं कुणी तुम्हाला ‘का आलात’ विचारणार नाही. पावसाळ्यात तर काय, मोकळं रान. राकसकोपचं धरण भरलं की छत्री घेऊन जिना चढायचा आणि ‘गळतंय काय?’ विचारायचं. गळत असलं तर ‘बघू’ म्हणून उतरायचं. गळती बघायची असते, काढायची नसते.

अगदीच कारण सुचेना, तर काकूंना आमटीची वाटी देऊन पाठवा. वाटीसमोर दार लावणारा भाडोत्री अजून जन्माला यायचाय. शिवाय रिकामी वाटी आणायला दुसरी फेरी होतेच.

दुसरी किल्ली मात्र कधी देऊन टाकू नका. ती ‘अडीअडचणीला’ असते. मी शहापुरात भाड्याने राहत होतो तेव्हा आमच्या घरमालकांकडे, अण्णांकडे, ती होती. एका रविवारी आंघोळ करून टॉवेलवर बाहेर आलो, तर अण्णा स्वयंपाकघरात कुकरसमोर उभे. ‘तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केलो मी,’ म्हणाले. आभार मानावेत की ओरडावं हे माझं ठरेपर्यंत त्यांनी फ्रीज उघडून आत दिवा लागतो का तेही बघितलं. फ्रीज माझा होता. डाळ कच्ची राहिली होती, पण ते सांगायला अंगावर निदान शर्ट तरी पाहिजे.

एखादा शिकलेला भाडोत्री कायदा काढेल. घाबरू नका. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे भाडं वेळेवर देणाऱ्याला घराचा निर्वेध उपभोग मिळायला पाहिजे, हे खरं आहे. पण त्याच कलमात मालकाला ‘वाजवी वेळी’ आत येऊन घराची अवस्था बघता येते असंही आहे. वाजवी म्हणजे किती वाजता, ते तुमच्या घड्याळावर ठरवा. केंद्राने २०२१ साली आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला, त्यात २४ तास आधी नोटीस द्या म्हटलंय, मोबाईलवरची चालते. तो आदर्श आहे, राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. आणि आदर्शाची तसबीर भिंतीला लावायची असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. (करार अकराच महिन्यांचा का करायचा, तर वर्षाच्या वर गेला की रजिस्टर करावा लागतो, हे मात्र आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ असतं.)

नोटीस द्यायचीच म्हटली तरी कुठल्या भाषेत? इथे गल्लीच्या नावाच्या पाटीवरून वाद होतो. १९५६ पासून कुठलं गाव कुणाच्या हद्दीत यावर आपण भांडतोय, २००४ पासून ते भांडण सुप्रीम कोर्टात आहे. हद्द म्हणजे काय हे आपल्याइतकं कुणाला कळतं? पण ती जिल्ह्याला असते हो, उंबऱ्याला कसली हद्द!

उलट बाजूने मात्र कडक राहा. एकदा दुपारी तीनला मी भाडं द्यायला न सांगता खाली गेलो. अण्णा उघडे, डोळे चोळत दारात आले. ‘अहो, जरा फोन करून यायचं की!’ म्हणाले. नोटा दोनदा मोजल्या, वहीत लिहिल्या आणि बजावलं, ‘उद्या सकाळी टाकी बघायला येतो वर. सांगून ठेवलो, मागनं म्हणू नका.’

चार वर्षांत पहिल्यांदा नोटीस मिळाली. मी आनंदाने घर आवरायला घेतलं. कपाट निम्मं रिकामं करून कपडे खाटेवर पसरले होते, तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली.

‘उद्या जमायचं नाही,’ अण्णा म्हणाले, ‘म्हणून आत्ताच आलो.’