शेषन वाघ होते, पण ईव्हीएम त्यांनी आणलं नाही

भाची यूपीएससीची तयारी करते. परवा तिच्या वहीत हिरव्या स्केचपेनची चौकट दिसली : 'आचारसंहिता, ईव्हीएम, ओळखपत्र = टी. एन. शेषन'. कुठून आणलंस म्हटलं, तर 'आजोबांनी ग्रुपवर टाकलं होतं'. तोच फॉरवर्ड, वर वाघाचं चित्र. पुढे लिहिलंय की तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त शेषन राजकारण्यांना नकोसे होते, म्हणून त्यांनी घाबरून घटना मोडली, शेषन यांच्या उरावर आणखी दोन आयुक्त बसवले, आणि निवृत्तीनंतर हा माणूस राजकारणाकडे फिरकलाही नाही.

फिरकला नाही? १९९७ ला राष्ट्रपतिपदाला उभे होते की, के. आर. नारायणन यांच्याविरुद्ध! पाठिंबा शिवसेनेचा, हे तरी आजोबांच्या लक्षात असायला हवं होतं. नारायणन यांना मतमूल्य ९,५६,२९०, शेषन यांना ५०,६३१. मग १९९९ ला काँग्रेसच्या तिकिटावर गांधीनगरमधून अडवाणींसमोर, तिथेही पडले.

ईव्हीएम १९८२ मध्येच केरळच्या परूरमध्ये वापरलं गेलं. आचारसंहितेचं मूळही केरळातच, १९६० चं. शेषन आयोगात आले डिसेंबर १९९० मध्ये.

आता 'घटना मोडली' हे. याची चीड येते, कारण पोरं हे पेपरात लिहून येतील. कलम ३२४ मध्ये पहिल्यापासून लिहिलंय : मुख्य आयुक्त आणि राष्ट्रपती ठरवतील तितके इतर आयुक्त. १९८९ मध्येही दोघांना नेमलं होतं, काही महिन्यांत काढलं. ऑक्टोबर १९९३ मध्ये गिल आणि कृष्णमूर्ती हे दोन आयुक्त आले तेव्हा सरकारला शेषन यांना वेसण घालायची होती, हे उघड आहे. तेवढं आजोबांचं खरं. पण शेषन स्वतःच सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै १९९५ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं एकमतानं त्यांच्या विरोधात निकाल दिला. तीन जणांचा आयोग वैध, निर्णय बहुमतानं. वर त्यांच्या जाहीर बोलण्यावरही ताशेरे : संस्थेपेक्षा तिथे बसलेला माणूस मोठा नसतो. फॉरवर्डमध्ये या निकालाचा 'नि' नाही.

ओळखपत्राचं अर्धं खरं म्हणावं लागेल. नियम १९६० पासून कागदावर होता, पण कार्ड दिली नाहीत तर १ जानेवारी १९९५ नंतर निवडणुकाच घेणार नाही, असं सरकारांना दरडावणारे शेषनच. आचारसंहितेलाही दात त्यांनीच बसवले. मुलाच्या प्रचाराला मध्य प्रदेशातल्या सतन्यात गेलेल्या हिमाचलच्या राज्यपालांना १९९३ मध्ये राजीनामा द्यावा लागला, तो त्यांच्या धाकानं.

आणि 'राजकारण्यांना नकोसा'? १९५५ च्या बॅचचा हा आयएएस १९८९ मध्ये कॅबिनेट सचिव झाला, म्हणजे नोकरशाहीतली सगळ्यात वरची पायरी. व्ही. पी. सिंग सरकारनं नियोजन आयोगात धाडलं, चंद्रशेखर सरकारनं निवडणूक आयोगात आणलं. नेमणारेही राजकारणीच.

भाचीनं चौकटीवर व्हाइटनर फिरवला. आजोबांना हे सगळं पाठवलं, तर उत्तरादाखल दोन हात जोडलेले आले. आज सकाळी साडेसहाला पुन्हा वाघ.