27 की 42? मॉस आणि माकडाचा हिशेब

नमस्कार. तुमचा आक्षेप असा: 'मॉसची गुणसूत्रं 27, लाल तोंडाच्या माकडाची 42, तरी तुमच्या गुणसूत्रांच्या तक्त्यात मॉस वर कसं? आणि इंदूरच्या राजवाड्याच्या भिंतीवरच्या काईला माकडाहून जास्त जनुकं, हे पटत नाही.'

तक्त्यातला क्रम बरोबर आहे. पण त्याखाली एक खुलासा हवा होता, तो राहिला. ती चूक माझी.

27 हा आकडा फिस्कोमिट्रियम पेटेन्स या मॉसच्या हिरव्या रोपाचा; बरीच वर्षं तो धरला जायचा, 2024 च्या जवळजवळ पूर्ण जीनोमवरून (जीवाच्या सगळ्या डीएनएवरून) तो 26 ठरला. ते रोप मुळातच एकगुणित असतं, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच. माकडाचे 42 म्हणजे दोन संच; त्याचा एकेरी संच फक्त अंड्यात नाहीतर शुक्रपेशीत सापडतो, आणि तो 21 चा. एकेरीशी एकेरी लावा: 26 आणि 21. दुहेरी हवा असेल तर मॉसच्या टोकाला येणारी बीजाणूंची कुपी बघा, तिथे 52. अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणारं, त्या कुपीत होतं आणि त्यातून बीजाणू निघतात. शुक्रपेशी मात्र साध्या सूत्री विभाजनानेच (ज्यात संख्या तीच राहते) होतात, कारण रोपात निम्मं करायला काही उरलेलंच नसतं. बारावीची मुलंही नेमकी इथेच घसरतात.

आता जनुकं. 2008 मध्ये या मॉसचा जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हा आकडा सुमारे 36 हजार होता, पुढे छाननीत 33 हजारांच्या आसपास आला. माकडात प्रथिनं बनवणारी जनुकं 20-21 हजार. डीएनएची लांबी मात्र उलटी: मॉस 50 कोटी बेस-जोड्यांच्या आतबाहेर, माकड 287 कोटींच्या आसपास. मॉसच्या पूर्वजांत अख्खा जीनोमच दुप्पट झाला, तोही एकदाच नव्हे, आणि त्यातल्या बऱ्याच जादा प्रती टिकल्या. त्यामुळे जनुकांच्या संख्येवरून 'वरचा' आणि 'खालचा' जीव ठरवता येत नाही.

एकेरी संचाचा प्रयोगशाळेत मोठा फायदा होतो. मॉसचं एक जनुक मोडलं की परिणाम त्याच रोपात दिसतो, झाकायला दुसरी प्रत नसते. (जुळी जनुकं असली तर ती कधी कधी झाकतात, हे खरं.) रोप 25 अंशांवर वाढवतात, कुप्या हव्या असतील तर 15 अंश आणि दिवसाला 8 तास उजेड. शिवाय वरून पाणी घालावं लागतं, नाहीतर शुक्रपेशी अंड्यापर्यंत पोहतच नाहीत.

राहिली राजवाड्याची काई. इंदुरात त्या एका शब्दात शैवाल, मॉस सगळंच येतं. तिथलं मॉस हीच जात आहे, असं मी म्हटलेलं नाही. प्रयोगशाळेतला प्रचलित वाण 1962 साली इंग्लंडातल्या ग्रान्सडेनच्या जंगलातून गोळा केलेला आहे. तक्त्यात आता 'एकेरी संच' असा वेगळा रकाना टाकला आहे.