पाचक कॅप्सूल, गुडघा आणि उतरलेलं वजन: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, तुमच्या प्रतिक्रियेत राग आहे, पण तुम्ही मनापासून लिहिलंय आणि बाटलीवरचे घटकसुद्धा नीट उतरवून पाठवलेत. म्हणून उत्तरही सविस्तर देते. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पाचक एन्झाइम, म्हणजे अन्न पचवायला मदत करणारे पदार्थ, सरसकट घेऊ नयेत, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. काकांचं वय 67, मधुमेह आहे, स्टेंट बसवलेला आहे. त्यांचं म्हणणं असं की या कॅप्सूलांनी पोट फुगणं थांबलं, गुडघ्याची सूज कमी झाली, वजनही उतरलं. औषध वनस्पतींपासूनचं आहे, त्यामुळे अपायाचा प्रश्नच नाही. आणि मी औषधाच्या दुकानात उभी राहून लोकांना उगाच घाबरवते.

तुम्हाला बरं वाटलं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. फक्त ते कशामुळे वाटलं, एवढाच माझा प्रश्न आहे. तुम्हीच लिहिलंय की त्याच सुमारास रात्रीचं जेवण साडेसातला घ्यायला लागलात आणि पावटा-वाल बंद केलेत. वाल, पावटा, हरभरा यांत अशा शर्करा असतात ज्या पचवणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात मुळातच नसतं. त्या मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू त्यांवर ताव मारतात आणि वायू होतो. कडधान्य बंद झालं की पोट हलकं होणारच. या एका तक्रारीवर अल्फा-गॅलॅक्टोसिडेज नावाचं एन्झाइम उपयोगी पडतं, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घेतलं तर. दुधानं पोट बिघडणाऱ्यांना लॅक्टेज उपयोगी पडतं. पण तुमच्या बाटलीत ही दोन्ही नाहीत.

तुमच्या बाटलीत आहे पॅपेन, ब्रोमेलेन आणि पॅन्क्रियाटिन. पॅपेन कच्च्या पपईच्या चिकातून काढतात, ब्रोमेलेन अननसातून. इथपर्यंत तुमचं बरोबर. पॅन्क्रियाटिन मात्र प्राण्याच्या स्वादुपिंडापासून बनतं, आणि बाजारातलं बहुतेक सगळं डुकराच्या. तुम्ही माळकरी आहात असं लिहिलंत, म्हणून हे सांगताना मला जड जातंय, पण लपवणं त्याहून वाईट. ज्यांचं स्वादुपिंड खरोखर निकामी झालंय, त्यांच्यासाठी पॅन्क्रियाटिन हेच मुख्य औषध आहे आणि त्यांनी ते घ्यायलाच हवं. बाकीच्यांना निदान आपण काय गिळतोय ते ठाऊक असायला हवं.

‘वयानुसार पाचकरस आटतात, ते बाहेरून भरून काढले तर बिघडलं कुठे?’ हा तुमचा मुख्य मुद्दा. स्वादुपिंड गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस बनवतं. त्याची क्षमता साधारण 10 टक्क्यांपर्यंत घसरल्याशिवाय चरबी न पचता शौचातून जाऊ लागत नाही, हे 1973 मध्येच दाखवलं गेलंय. स्वादुपिंडाचा जुनाट दाह, त्यावरची शस्त्रक्रिया, सिस्टिक फायब्रोसिस अशा आजारांत ही वेळ येते. तिथे प्रौढांना मुख्य जेवणाला 40,000 युनिटच्या आसपास लायपेज, म्हणजे चरबी पचवणारं एन्झाइम, देतात, तेही आम्लात न विरघळणाऱ्या आवरणात, कारण जठरातलं आम्ल लायपेजचा नाश करतं. तुमच्या बाटलीवर नुसते मिलिग्रॅम छापलेत, लायपेजची युनिटं कुठेच नाहीत. म्हणजे तुम्हाला गरज असेल तर हा डोस पुरेसा आहे की नाही तेही कळायला मार्ग नाही.

हीच गोष्ट काउंटरवर रोज मागितल्या जाणाऱ्या पाचक सिरपची. लेबलवर ‘डायस्टेज 1:1200, 50 मिग्रॅ’ असं असतं. अर्थ असा की एक भाग डायस्टेज 1200 भाग स्टार्च पचवतो, म्हणजे एका चमच्यात 60 ग्रॅमचा हिशेब. वाचायला छान वाटतं. पण तो हिशेब प्रयोगशाळेतल्या भांड्यातला आहे, ठरावीक तापमानाला आणि सौम्य आम्लतेत. जठरातल्या तीव्र आम्लात बुरशीपासूनचं हे डायस्टेज फार तग धरत नाही. शिवाय भात-भाकरी पचवायला लाळेत आणि स्वादुपिंडात आपलं स्वतःचं स्टार्च पचवणारं अमायलेज भरपूर असतंच.

आता गुडघा. सुजेवर एन्झाइम द्यायची पद्धत आपल्याकडे खूप आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर मी रोज पाहते. सेरॅशिओपेप्टिडेजचंच उदाहरण घ्या. रेशमाच्या किड्यातल्या जिवाणूपासून जपानमध्ये ते शोधलं गेलं, तिथे अनेक वर्षं विकलं गेलं. पुढे औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशाच गोळीशी तुलना करून पाहिली तेव्हा फरक दिसला नाही आणि 2011 मध्ये टाकेदा कंपनीनं ते स्वतःहून बाजारातून मागे घेतलं. आपल्याकडे वेदनाशामकाबरोबर एकाच गोळीत ते अजून सर्रास मिळतं. ब्रोमेलेनवर गुडघ्यासाठी छोटे अभ्यास झालेत, पण त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. थंडी ओसरली, चालणं बेताचं झालं की गुडघा तसाही निवळतो. तुम्हाला मात्र दुसरी काळजी आहे. स्टेंटनंतर तुम्ही रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या घेता. ब्रोमेलेनमुळे त्यांच्या जोडीनं रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना ही बाटली दाखवलीत का? प्रतिक्रियेत तसं कुठे दिसलं नाही. त्या दोन गोळ्या मात्र मनानं अजिबात थांबवू नका.

आणि वजन. संपूर्ण प्रतिक्रियेत मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे वाक्य: ‘काही विशेष न करता सहा किलो उतरले, पँट सैल झाली.’ तुम्ही ते कॅप्सूलच्या जमेला धरलंत. एन्झाइम पचन सुधारत असेल तर अन्न जास्त अंगी लागेल, वजन वाढेल. उतरणार नाही. लवकर जेवणं, कमी खाणं यानं उतरलं असेल तर उत्तमच. पण मधुमेह आहे, साठी उलटलीय, पोटाची तक्रार नवी आहे आणि वजन आपोआप उतरतंय, तेव्हा हे गृहीत धरून बसू नये. साखर हाताबाहेर गेली, थायरॉइड बिघडलं, स्वादुपिंडात काही झालं, यातलं काहीही असू शकतं आणि वेळीच कळलं तर पुष्कळ काही करता येतं.

शौच तेलकट, फिकट, भांड्याला चिकटून राहणारं आहे का, दोनदा पाणी टाकावं लागतं का, हे बघा. रक्त किंवा काळा रंग दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. डॉक्टरांना वजनाचं आधी सांगा, पोटाचं नंतर. गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, हिमोग्लोबिन आणि पोटाची सोनोग्राफी ते बहुधा सांगतीलच. शौचातल्या इलास्टेजची, म्हणजे स्वादुपिंडात बनणाऱ्या एका एन्झाइमची, तपासणी करायची का तेही विचारा. ते प्रति ग्रॅम 200 मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर स्वादुपिंड कमी पडत असल्याची शंका घेतात. तसं निघालं तर एन्झाइम योग्य डोसमध्ये घ्या म्हणून मीच तुमच्या मागे लागेन, आणि माळेचा प्रश्न डॉक्टरांशी मोकळेपणानं बोलता येईल.

या आठवड्यात जाऊन या, काका. रिपोर्ट आले की इथेच खाली लिहा, किंवा लिहावंसं वाटलं नाही तर नका लिहू, पण जाऊन या.