स्पीकरसोबत खोलीही वाजते

चतुर्थी जवळ आली की आपल्याकडे नवीन सिस्टीम घ्यायचे बेत सुरू होतात, आणि त्याच सुमाराला व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरायला लागतो. यंदा तो मला चार ग्रुपवर आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: स्पीकर महागातले घ्या, मग ते कुठेही ठेवा, चांगलेच वाजतात. बास हवा असेल तर कोपऱ्यात ठेवा. खोली घुमत असेल तर भिंतींना अंड्यांचे ट्रे लावा. तेही नको असेल तर आजकालचे अ‍ॅम्प्लिफायर माईक लावून खोली स्वतःच सुधारतात. आणि गोव्यातल्या जुन्या घरांना यातलं काहीच लागत नाही. हा सल्ला मानून लोक लाख-दीड लाख घालवतात आणि पदरात नुसता धुमधुमाट पडतो, हे मी जवळून पाहिलंय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“महागडा स्पीकर कुठेही चांगलाच वाजतो.” नाही वाजत. घुमट आरतीला बसलेल्या कोणालाही हे कळेल. घुमट म्हणजे एका तोंडावर चामडं ताणलेलं मातीचं मडकं. ते वाजवणारा एका हाताने चामड्यावर थाप देतो आणि दुसऱ्या हाताचा पंजा मडक्याच्या मागच्या तोंडावर ठेवतो, उचलतो. चामडं तेच, थाप तीच, तरी बोल बदलतो, कारण आतल्या हवेचं वागणं बदलतं. खोली हेही एक मडकंच आहे, आपण त्याच्या आत बसून ऐकतो.

फोंड्याला माझ्या मावसभावाच्या फ्लॅटचा हॉल १४ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. आपल्याकडच्या उष्ण हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४८ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींतल्या अंतराच्या दुप्पट ज्या लाटेची लांबी असते, ती लाट त्या भिंतींमध्ये अडकून उभी राहते. १४ फुटांना ती ४१ हर्ट्झची (म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांची), १० फुटांना ५७ हर्ट्झची, आणि पुढे त्यांच्या पटीत ८२, ११४ अशा. या हॉलची रुंदी आणि उंची सारखीच, त्यामुळे ५७ आणि ११४ वर दोन-दोन लाटा एकमेकींवर चढतात. स्पीकर कितीही किमतीचा असो, ही आकडेमोड बदलत नाही.

“कोपऱ्यात ठेवा, बास वाढतो.” वाढतो, हे खरं. मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन, प्रत्येकीमुळे खालचे सूर ६ डेसिबलपर्यंत उचलले जातात. पण अडकलेल्या सगळ्या लाटांचा दाब कोपऱ्यातच सर्वांत जास्त असतो, म्हणून तिथला स्पीकर त्या सगळ्यांना एकदम जागं करतो. बास सारखा वाढत नाही, खोलीला आवडणारे दोन-तीन सूर तेवढे फुगतात.

मावसभावाला दुकानदाराने “कोपऱ्यात शोभून दिसतील” असं सांगून दोन उंच स्पीकर दिले होते. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, आणि भिंतीला टेकून बसलं की बास पुन्हा फुगतोच. मी गेलो तेव्हा मंगेशीच्या अभिषेकीबुवांचं नाट्यगीत लागलं होतं. डग्ग्याची मींड म्हणजे खालून वर सरकत जाणारा सूर. इथे ती सरकतच नव्हती, मध्येच एका ठिकाणी “धुम्म” करून थांबायची आणि तंबोऱ्यावर चिखल ओतल्यासारखी पसरायची.

आम्ही आधी सोफा साडेतीन फूट पुढे घेतला. मग स्पीकर कोपऱ्यातून काढून मागच्या भिंतीपासून २ फुटांवर आणले. डग्गा सुटा झाला, पण बुवांचा षड्ज पोकळ वाटू लागला. त्याचंही कारण आहे. स्पीकरचा आवाज मागच्या भिंतीवर जाऊन परत येतो आणि ते अंतर लाटेच्या चौथ्या भागाएवढं असलं की थेट आवाज आणि परतलेला आवाज एकमेकांना खोडतात. २ फुटांना हे साधारण १४३ हर्ट्झवर घडतं, आणि पुरुषी आवाजाचा काळी एकचा षड्ज आहे १३९ हर्ट्झवर! स्पीकर पावणेतीन फुटांवर आणले तेव्हा हा खोडला जाणारा सूर, म्हणजे खड्डा, १०४ च्या आसपास सरकला आणि षड्ज भरला. बाजूच्या भिंतीपासूनचं अंतर मुद्दाम वेगळं, वीस इंच ठेवलं. दोन्ही अंतरं सारखी असली तर दोन्ही खड्डे एकाच सुरावर पडतात. म्हणून “भिंतीपासून अमुक फूट” असा नियम कोणी सांगितला तर तो मानू नका. सहा-सहा इंच सरकवा, आणि तुमच्या पाठ असलेलं एकच गाणं प्रत्येक वेळी ऐका.

मग आरसा. मी सोफ्यावर बसलो, वहिनी हातातला आरसा बाजूच्या भिंतीवरून हळूहळू सरकवत गेली. आरशात स्पीकर दिसला की त्याच जागेवरून पहिला आवाज उसळून कानाकडे येतो. डावीकडे ती जागा बाल्कनीच्या सरकत्या काचेवर निघाली, उजवीकडे काचेच्या शोकेसवर. असा आवाज थेट आवाजापाठोपाठ काही सहस्रांश सेकंदांत पोहोचतो. कान त्याला प्रतिध्वनी म्हणून वेगळा ऐकत नाही, थेट आवाजातच मिसळून घेतो. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये मांडलेली गोष्ट ती हीच. पण गायक नेमका कुठे बसलाय हे त्यामुळे पुसट होतं. काचेवर जाड पडदा ओढला, शोकेस हलवून तिथे वाकळ टांगली. पेटी उजवीकडे सरकली आणि गळा मधोमध आला. वहिनीला संगीताचा नाद नाही, तरी पहिल्यांदा “आता बुवा टीव्हीच्या मागून गातायत” असं तीच म्हणाली.

स्पीकर एवढे पुढे आले की वाट अडते, हे मान्य. फरशीवर टेपच्या खुणा केल्या आहेत. ऐकताना पुढे, एरवी मागे.

अंड्यांच्या ट्रेंवर फार शब्द घालवण्यासारखे नाहीत. ५७ हर्ट्झची लाट २० फूट लांब असते, दीड इंच जाडीचा कागदी लगदा तिचं काय करणार? तो वरचे थोडे सूर खातो, टाळ आणि झांजा मंद होतात, धुमधुम तशीच राहते. शेजारी जाणारा आवाजही थांबत नाही, त्याला वजनदार भिंत लागते. शिवाय जुलैत त्यांना बुरशी येते आणि एखादी ठिणगी पडली तर ते भुरकन पेटतात. ते घरात लावू नका, हे मी कळकळीने सांगतो.

काय चालतं, हे वॉलेस सॅबाइन यांनी दाखवून ठेवलंय. हार्वर्डमधलं एक व्याख्यानगृह इतकं घुमायचं की बोललेलं कळत नसे. १८९५ पासून ते जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री तिथे आणून मांडायचे आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. त्यातून सूत्र निघालं: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घेऊन ०.१६१ ने गुणायचं आणि खोलीतल्या एकूण शोषणाने (तेही चौरस मीटरमध्ये) भागायचं, म्हणजे घुमण्याचा काळ सेकंदांत मिळतो. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या छताखाली, पंचवीस माणसं बसली की एरवी खणखणणारा हॉल कसा शांत होतो ते आठवा, माणसंही त्या गाद्यांचंच काम करतात. आपल्या हवेत लोकरी गालिचा ओल धरतो, त्यापेक्षा उन्हात घालता येईल अशी सुती सतरंजी आणि गोधड्या बऱ्या. गोधडी भिंतीला चिकटवू नका, चार इंच पुढे टांगा. भिंतीलगत हवेचे कण जवळजवळ हलत नाहीत, थोडं पुढे हलतात, आणि कापूस ती हालचालच खातो. भिंतही कोरडी राहते.

“माईक लावला की खोली सुधारते.” माईकने खोलीतला आवाज मोजून फुगलेला सूर अ‍ॅम्प्लिफायर खाली खेचू शकतो, तेवढा उपयोग नक्की आहे. पण जिथे लाटा एकमेकींना खोडतात तिथे आवाज वाढवला तर खोडणारी लाटही तेवढीच वाढते. १० डेसिबल वाढवायला दहापट शक्ती लागते, आणि एवढं करून खड्डा तिथेच राहतो. घुमण्याचा काळही त्याने कमी होत नाही. आधी जागा, मग माईक.

राहिली जुनी घरं. उघडं उतरतं कौलारू छप्पर आणि जमीन समांतर नसतात, खोली मोठी असते, कौलांच्या फटींतून बराच बास बाहेर जातो; म्हणून तिथे धुमधुम कमी, ही गोष्ट बरोबर. पण गिलावा केलेल्या चिऱ्याच्या भिंती आणि गुळगुळीत जमीन वरचे सूर परतवत राहतात. टाळी वाजवून बघा, मागे शेपूट ऐकू येईल. आणि जूनपासून कौलांवर पाऊस कोसळतो तेव्हा विलंबित आलाप त्यात बुडतात. अशा दिवाणखान्यात स्पीकर भिंतीपासून चांगले पुढे घ्या आणि खुर्ची त्यांच्यापासून पाच-सहा फुटांवर आणा. जवळ बसलं की थेट आवाज खोलीच्या आणि पावसाच्या आवाजावर मात करतो, व्हॉल्यूम न वाढवता.