गांजावर ठाम मत कसं बाळगावं

गांजा कायदेशीर व्हावा की नाही, यावर तुमचं अजून काहीच मत नसेल तर कुणाजवळ बोलू नका. चारचौघांत शोभत नाही. आजच एक मत करून टाका. त्याला माहिती लागत नाही. उलट माहितीने मत पातळ होतं. बाजू कुठलीही घ्या, दोन्हीकडचं सामान माझ्याकडे आहे.

सुरुवात नावापासून करा. झाड एकच, पण त्याला काय म्हणता यावर अर्धी बाजी ठरते. विरोधात असाल तर ‘ड्रग्ज’ म्हणा, म्हणजे हेरॉइन आणि कोकेन न बोलावता शेजारी येऊन बसतात. ओढणारा तो अर्थातच ‘गांजेकस’. बाजूने असाल तर ‘कॅनाबिस’ म्हणा. चिलमीचा धूर विरतो आणि प्रयोगशाळेचा वास येऊ लागतो. आणखी सोज्वळपणा हवा असेल तर नुसतं ‘वनस्पती’.

ही युक्ती जुनी आहे. 1937 साली अमेरिकेत गांजाचा बंदोबस्त करणारं विधेयक आलं, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेतर्फे विल्यम वुडवर्ड यांनी संसदेच्या समितीपुढे गाऱ्हाणं मांडलं होतं. विधेयकावर नाव ‘मारिहुआना’चं, ते आपल्या औषधांच्या यादीतल्या कॅनाबिसबद्दल आहे हे कुठल्याही डॉक्टरच्या लक्षात येणं कठीण. गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि कायदा झाला. त्या कायद्याची कारागिरीही बघण्यासारखी. त्यात सरळ बंदी नव्हतीच, फक्त कर होता आणि कर भरल्याचं तिकीट होतं. आता ते तिकीट मागायला खिडकीवर जायचं म्हणजे ‘माझ्याकडे गांजा आहे’ असं स्वतःच्या तोंडाने सांगायचं. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणारी ही व्यवस्था तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ती 1969 साली. 32 वर्षं. घाई कुठंच नव्हती.

एवढा खटाटोप तुम्हाला करायचा नसेल तर सोपा मार्ग आहे: समिती मागा. ‘यावर सखोल अभ्यास व्हायला हवा’ हे वाक्य दोन्ही बाजूंना चालतं, आणि म्हणणारा भारदस्त दिसतो. समितीची भीती बाळगू नका. अहवाल येईल, पण कुणी वाचणार नाही.

पुरावा हवा? ब्रिटिश संसदेत प्रश्न निघाला म्हणून 1893 साली हिंदुस्थानात एक आयोग नेमला गेला. सुमारे 1,200 साक्षीदार, 3,000 हून जास्त पानं. इंग्लंडातल्या सज्जनांची समजूत अशी होती की इथली वेड्यांची इस्पितळं गांजामुळे भरली आहेत. आकडे तसंच सांगत होते. आयोगाने मात्र आकडे मोजायचे सोडून ते लिहिले कसे जातात हे पाहिलं. इस्पितळाच्या नोंदवहीत ‘वेडाचं कारण’ असा एक रकाना. रोगी सापडतो रस्त्यावर, आणतो पोलीस, नातेवाईक कुणी बरोबर नाहीत. रकाना तर रिकामा ठेवता येत नाही. मग भरा ‘गांजा’. वर्षअखेर त्याच रकान्यांची बेरीज होते आणि तिची आकडेवारी बनते. आयोगाने प्रकरणं एकेक करून तपासली तेव्हा त्यातली निम्म्याहून जास्त गळाली.

आयोगाचा निष्कर्ष असा की बेताने घेणाऱ्या बहुतेकांचं फारसं बिघडत नाही, अतिरेक वाईटच, आणि सरसकट बंदी ना गरजेची ना शहाणपणाची. परवाने द्या, कर लावा, नजर ठेवा. आता हे वाचून तुमच्या कुठल्या बाजूचं भलं होणार? ‘बेताने’ आणि ‘बहुतेक’ हे शब्द घेऊन कुणी भांडू शकतं का? म्हणून तो अहवाल जसा कपाटात राहिला तसा राहू द्या.

न्यूयॉर्कच्या महापौरांनी अभ्यास करवला, तो 1944 साली छापून आला. अंमली पदार्थ खात्याचे प्रमुख हॅरी अ‍ॅन्सलिंगर यांनी तो झोडपला. पण समितीशास्त्राचा कळस गाठला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी. 1970 च्या नव्या कायद्यात गांजा सर्वांत कडक अशा पहिल्या यादीत टाकला होता, तोही तात्पुरता, समितीचं मत येईपर्यंत. मत आलं 1972 साली: स्वतःपुरता थोडा गांजा बाळगणं हा गुन्हा ठरवू नये. निक्सननी स्वतःच नेमलेल्या समितीला नकार दिला, आणि तात्पुरतं ते पुढं पन्नास वर्षं टिकलं. तात्पुरत्या गोष्टींइतकं टिकाऊ काही नसतं, हे सरकारी कचेरीत एकदा तरी गेलेल्या माणसाला मी सांगायला नको.

तुम्ही समर्थक असाल तर एवढ्यात हसू नका, तुमचाही धडा आहे. तुमचं मुख्य शस्त्र ‘नैसर्गिक’. निसर्गात उगवलेलं सगळं अंगाला लागतं, असं छातीठोक सांगा. मध्येच कुणी धोतऱ्याचं नाव काढलं तर विषय बदला. मग औषधाकडे वळा. गांजातल्या सीबीडी या घटकापासून केलेलं एक औषध अमेरिकेत 2018 साली मंजूर झालं, मुलांच्या दोन दुर्मीळ आणि फार चिवट फेफऱ्यांसाठी. त्याने नशा चढत नाही. यातला ‘दोन’ आणि ‘दुर्मीळ’ हा भाग गिळा, आणि गांजाने सांधेदुखीपासून नैराश्यापर्यंत सगळं बरं होतं असं सांगत सुटा. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो, सुमारे दहातल्या एकाला सवय सुटत नाही, अमेरिकेत जप्त झालेल्या मालातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, 1995 मध्ये 4 टक्क्यांच्या आसपास होतं ते 2014 पर्यंत 12 वर गेलं, हे सगळं ‘अपप्रचार’ या एका शब्दात मावतं.

गंमत अशी की विरोधकांनाही हे आकडे नकोच असतात. खरा धोका त्यांना किरकोळ वाटतो. ‘एका झुरक्यात आयुष्य बरबाद’ म्हणायची सोय असताना दहातल्या एकाचा हिशेब कोण मांडत बसतो?

परदेशाचे दाखले द्यायचे तर अर्धे द्या. नेदरलँड्समध्ये 1976 पासून कानाडोळा करण्याचं रीतसर धोरण आहे. दुकानात समोरच्या दाराने जाऊन 5 ग्रॅम घेता येतो. पण दुकानदाराने तो आणायचा कुठून? पिकवणं आणि घाऊक विकणं गुन्हाच, त्यामुळे माल वर्षानुवर्षं मागच्या दाराने येत राहिला. समर्थकांनी पुढच्या दाराचा फोटो दाखवावा, विरोधकांनी मागच्या. थायलंड 2022 साली मोकळा झाला आणि 2025 साली पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आला. तुमचा दाखला कुठल्या वर्षाचा ते सांगू नका. जर्मनीने 1 एप्रिल 2024 पासून घरात तीन झाडं लावायची मुभा दिली. तारीख मी निवडलेली नाही. आणि संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने डिसेंबर 2020 मध्ये 27 विरुद्ध 25 मतांनी गांजा सर्वांत कडक यादीतून काढला, मात्र दुसऱ्या कडक यादीत ठेवला. म्हणजे एकच बातमी, आणि पेढे दोघांनाही वाटता येतात.

प्रत्यक्ष बोलताना हातात काहीतरी असावं. दुसरा पेग उत्तम. परवा एका बैठकीत एक गृहस्थ नशेच्या दुष्परिणामांवर तळमळीने बोलत होते. मध्येच ग्लास टेकवायला जागा मिळेना. टेबलावर ओला गोल उमटायला नको म्हणून वाक्य अर्धवट सोडून त्यांनी चकती शोधली, ग्लास तिच्यावर नीट ठेवला, आणि मग ‘तरुण पिढी’वर आले. एकही जण हसला नाही. असा आत्मविश्वास कमवा.

एका प्रश्नापासून तेवढं सांभाळून राहा. कुणीतरी, बहुधा कोपऱ्यात गप्प बसलेलं, विचारेल: पोराच्या खिशात एक पुडी सापडली, तर त्या पोराचं नेमकं काय करायचं? प्रश्न धोक्याचा आहे, कारण त्याला उत्तर द्यावं लागतं. अमेरिकेत गोरे आणि काळे ओढतात जवळजवळ सारखंच, पण काळ्याला अटक व्हायची शक्यता तिपटीहून जास्त, असली माहिती तिथूनच बाहेर येऊ लागते. तुम्ही मान हलवा. ‘विषय व्यापक आहे’ म्हणा, समिती सुचवा, घड्याळ बघा. आणि त्या पोराचे कागद भरायची वेळ नेमकी तुमच्यावरच आली, तर ‘कारण’ या रकान्यापाशी फार वेळ अडू नका. मागे खूप लोक उभे असतात.